मी दिलेली माफी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. एरवी माझ्या पोटात शेजाऱ्याची भाजीसुद्धा गुपित राहत नाही.

आमच्याकडं लग्न असो, बारसं असो, जेवणं उरकली की मला कोरोनाची गोष्ट सांगायला बसवतात. उमरग्यापुढं, कर्नाटकच्या हद्दीवर आम्हा मास्तरांना गाड्या अडवायची ड्यूटी कशी लागली, दवाखान्यात पालथा पडून मी पाढ्यासारखं 'आई गं' कसं म्हणायचो—सगळं नकलेसकट. शेवटी म्हणतो, हा प्रसाद मला स्वामी सरांनी दिला. लोक हसतात. स्वामी सर असले तर तेही हसतात, मग खोकतात.

प्रसाद कुणी कुणाला दिला—ते सांगायचंय.

स्वामी सर माझ्याच शाळेतले, पोरांना कबड्डी शिकवणारे. ड्यूटीवर आम्ही जोडीनं, एकाच मांडवात. एका सकाळी बायकोनं लसणाची फोडणी दिली आणि मला वास आला नाही. डब्यात नाक खुपसलं—काहीच नाही. अंगही कसकसत होतं. मला कळलं नव्हतं का? ह्या ड्यूटीआधी दारोदार जाऊन लोकांना लक्षणं विचारणारा मीच की. पण त्याच आठवड्यात लेकीचा साखरपुडा होता. तपासणी केली असती तर घर बंद करून दारात बांबू लागले असते. मी तापाची गोळी गिळली, ड्यूटीवर गेलो. दुपारी स्वामी सरांसोबत एकाच डब्यात जेवलो. चटणी झकास झालीय, असंही म्हणालो.

धाप त्यांना आधी लागली, म्हणून तपासणीही त्यांची आधी झाली. माझी—साखरपुडा उरकल्यावर. तेवढ्यावरून सगळ्यांनी ठरवलं, प्रसाद त्यांचाच. त्यांनीसुद्धा.

मी धडधाकट झालो. ते वाचले, एवढंच. आता खुर्चीत बसून शिकवतात. मैदानावर शिट्टी फुंकायला दम पुरत नाही, म्हणून टाळ्या वाजवतात.

परवा घरी आले. पायरीवर टेकले, दम खाल्ला, मग म्हणाले, "सर, माझ्यामुळं तुमी मरता मरता वाचलाव. मनातून जात न्हाय बघा ते."

"जाऊ द्या हो सर," मी म्हणालो. "मी कधीच माफ केलंय."

माफ केलंय—हाच शब्द वापरला मी.

"तुमी लई मोठ्या मनाचे," असं म्हणून त्यांनी माझा हात हातात धरला. मी तो काढून घेतला नाही.