बनुबाईच्या भिंतीचा बुरूज

माझा धाकटा दीर हैबती म्हणजे नुसता तोंडाचा पराक्रम. आमच्या कापडे गावाच्या वरच्या टेकाडावर विटांचा पडका कोट हाय. खाली काळ्या दगडाचं जोतं, त्यावर हातभर लांब, चपट्या विटा, चुन्यात बसवलेल्या. "आमचे पूर्वज या कोटाचे राखणदार," हे हैबती येईल-जाईल त्याला ऐकवणार, आणि तेही कुठं बसून? त्याच कोटाच्या विटांनी बांधलेल्या भिंतीला टेकून! त्याच्या आज्यानंच त्या ओढून आणलेल्या. राखणदार म्हणे!

वाडीत सगळ्यांची घरं कारवीच्या काठ्या मातीनं लिंपलेल्या कुडाची. हैबतीच्या घराचीच मागची भिंत विटांची. पावसाची झोड तिकडूनच येते. हैबतीच्या बायकोचा, माझ्या जावेचा, बनुबाईचा त्या भिंतीवर फार जीव. तिच्या आडोशाला चूल कधी विझली नाय.

महाराष्ट्र झाला त्याच्या आदल्या साली बातमी आली. जुन्या वास्तू बघणारा साहेब येतोय, कोट पसंत पडला तर सरकारी पहारेकरी नेमणार. खाकी कपडे, पितळी बिल्ला. झालं, हैबतीच्या अंगात आलं! पण वर जाऊन बघतो तर बुरुजाच्या जागी नुसतं जोतं. राखायचं काय, कपाळ?

मग बनुबाई माहेरी गेलेली बघून या शहाण्यानं मागची भिंत उतरवली. आठ दिवस विटा डोक्यावरून वर नेल्या आणि मातीत रचून कंबरेएवढा बुरूज उभा केला. पाऊस महिन्यावर आलेला.

"बनू आली की काय सांगशील रे?" मी ओरडले.

"बिल्ला मिळू दे वयनी. साहेब गेला की परत आणतो."

साहेब आला. विटा मोजल्या, लांबी-रुंदी लिहून घेतली. चुना जाऊन ओली माती कशी आली, हे विचारायचं त्याला सुचलं नाय. काही विटा काळ्याकुट्ट होत्या, आमच्या सासूपासूनच्या चुलीची काजळी ती! त्यावर बोट फिरवून म्हणतो, "शत्रूनं हा बुरूज जाळला असावा. फार महत्त्वाचा पुरावा आहे." मेला शिकलेला होता म्हणे! मी पदर तोंडात कोंबला.

"व्हय साहेब," हैबती म्हणाला, "आमचा खापरपणजा हितंच पडला." लाज नाय, शरम नाय.

बिल्ला मिळाला. वर साहेबानं बजावलं, "यातली एक वीट हलली तरी नोकरी जाईल, खटलाही भरीन." तेव्हा कुठं याचं तोंड उतरलं.

बनुबाई माहेराहून आली. पुढच्या दारातून बघते तर थेट मागचं शेत. टोपली घेतली, चुंबळ घेतली आणि टेकाड चढली. मी मागोमाग गेले. तिनं पहिली वीट उचलली तसा हैबती बिल्ला लावून आडवा आला.

"हात लावू नको गो. सरकारी हाय."

"आणि चूल कुठं मांडू?"

"कूड घालू की कारवीचा."

त्यानं तिच्या हातातली वीट काढून घेतली आणि परत रचली. मला इतका संताप आला की बिल्ल्यासकट दरीत ढकलावा वाटलं.

कूड आषाढात वाहून गेला. बनुबाईनं चूल माझ्या पडवीत मांडली. एका दुपारी हैबती निथळत दारात आला आणि भाकरी मागू लागला.

तव्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "पहारा सोडून आलात? जा वर. कुणी विटा नेल्या तर?"