एका क्रियापदाचे काळ

मक्याचं पीठ शिजत असल्याचा वास आला की मला नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरातलं आमचं विद्यार्थ्यांचं सामायिक स्वयंपाकघर आठवतं. लॉकडाऊनमध्ये त्या मजल्यावर आम्ही दोघीच उरलो होतो, मी आणि मलावीहून पीएचडीला आलेली माझी शेजारीण. संध्याकाळी ती भांड्यात पीठ घोटायची आणि मी खिडकीशी बसून तिची भाषा, चिन्यांजा, शिकायचे. "फिका म्हणजे शिजवणं. काळ मधल्या अक्षरात असतो," ती सांगायची. "अमायी अकुफिका, आई स्वयंपाक करतेय." त्यातल्या 'कु'च्या जागी 'न्का' आलं की आपला रीतिभूतकाळ व्हायचा: अन्काफिका, करत असे. एका संध्याकाळी ती रिकाम्या भांड्यासमोर नुसतीच उभी होती. तिला हसवावं म्हणून मी दारातूनच म्हटलं, "अमायी अकुफिका!" ती हळूच म्हणाली, "अन्काफिका." मी विचारलं, "चुकलं का माझं?" "नाही गं," ती म्हणाली, "कालपर्यंत बरोबर होतं." तिची आई पहाटे कोविडने गेली होती. विमानं बंद होती, अंत्यविधी तिने फोनवरच पाहिला होता. दीड मीटरचं अंतर विसरून मी तिला जवळ घेतलं, तेव्हा कुठे ती रडली. त्यानंतरही आम्ही एकत्र जेवायचो, पण धडे थांबले. आजही मला त्या भाषेतला भविष्यकाळ येत नाही. तो शिकायचा राहिला होता, आणि नंतर तिला विचारायचा मला धीर झाला नाही.