जनीताईंनी लावलेले दिवे

जनीताई घरत यांनी पनवेलच्या एका शाळेत चोवीस वर्षं घंटा दिली आणि चोवीस वर्षांत ती घंटा एका मिनिटानेही चुकली नाही. हेडमास्तर स्वतःचं घड्याळ त्यांच्या घंटेवर लावायचे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे घडलं त्यात त्यांच्या हाताला नावं ठेवणारे पुष्कळ निघाले. नावं ठेवायला कुणाच्या बापाचं काय जातं!

निवृत्त झाल्यावर मात्र त्यांच्या वेळेची कुणाला गरज उरली नाही. करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये सकाळी साडेदहाला त्यांचा उजवा हात आपोआप वर जायचा आणि रिकामाच खाली यायचा. नवरा भगवान दिवसभर पळस्प्याला टायरच्या दुकानात, मुलगी भाविका पुण्यात नोकरीला. घर नुसतं खायला उठायचं.

म्हणून सोसायटीच्या बायकांनी स्पर्धेसाठी एकांकिका बसवायचं ठरवलं तेव्हा जनीताई पहिल्याच तालमीला जाऊन उभ्या राहिल्या. दिग्दर्शन अनुयाचं. अनुया बँकेत अधिकारी, बोलायला गोड, पण कामात कुणाची भीडभाड नाही. तिने जनीताईंना एक वाक्य म्हणून दाखवायला सांगितलं. त्यांनी ते अशा आवाजात म्हटलं की खालचा वॉचमन धावत वर आला.

‘अभिनय राहू द्या,’ अनुया म्हणाली. ‘वेळ सांभाळाल का? कुठल्या क्षणाला कुठला आवाज, एवढंच.’

‘चोवीस वर्सं आमी दुसरं काय केलं, ताई?’ जनीताई म्हणाल्या.

झालं. पार्श्वसंगीत जनीताईंकडे आलं. भाविकाचा जुना लॅपटॉप कपाटातून बाहेर निघाला आणि अनुयाने त्यात आवाज भरून दिले. क्यू दाबलं की फोन वाजायचा, डब्ल्यूला कुकरची एक शिट्टी, शेजारच्या ई ला सनई, आरला रिक्षा. जनीताईंना इंग्रजी अक्षरं येत होती. शाळेत वर्गांच्या पाट्या त्यांनीच तर रंगवल्या होत्या.

एकांकिकेतली सासू रोज कुकरच्या शिट्ट्या मोजते आणि तिसरीला ओरडते, ‘तीन झाल्या गं!’ शेवटी ती सासू जाते. रंगमंचावर पूर्ण अंधार होतो. पाच आकडे मोजेपर्यंत शांतता, आणि मग अंधारातच तीन शिट्ट्या. मोजणारं आता कुणी नाही. मग सनई आणि पडदा. सगळं नाटक त्या तीन शिट्ट्यांवर उभं होतं, म्हणजे जनीताईंच्या एका बोटावर.

उजेडातल्या तालमी झकास झाल्या. पंचाईत झाली ती अंधारात, कारण अंधारात काळ्या लॅपटॉपची काळी बटणं दिसतात कुणाला? मोबाईलची बॅटरी लावली तर विंगेतला उजेड थेट प्रेक्षकांत जायचा. मग जनीताईंनी बाईमाणसालाच सुचेल अशी शक्कल काढली. पाकिटातली एक जाडशी मरून रंगाची टिकली काढली आणि डब्ल्यूवर चिकटवून दिली. बोटाला टिकली लागली की समजायचं, हा कुकर.

पण पनवेलची हवा ती! कपाळावरची टिकली दुपारपर्यंत टिकत नाही, तिथे बटणावरची काय टिकणार? तालमीत घामेजलेल्या बोटाबरोबर ती उचलली गेली आणि ई वर जाऊन बसली. सासू गेली, अंधार झाला, पाच आकडे झाले, जनीताईंनी टिकली चाचपून बोट दाबलं आणि सनई सुरू झाली. सगळ्यात आधी मेलेली सासूच हसली.

अनुया हसली नाही. ‘जनीताई, मला वाईट वाटतंय,’ ती म्हणाली, ‘पण शनिवारच्या तालमीत असं पुन्हा झालं, तर तुम्ही प्रेक्षकांत बसा. शिट्ट्या मी माझ्या मोबाईलवरून वाजवीन.’

घरी भगवानला ही हकिकत कळली तेव्हा तो पोट धरून हसला. ‘जने, घरचा मिक्सर चालू करायला तू मला हाक मारतेस. लॅपटॉपवर तू काय दिवे लावनार हायस?’

तो गमतीत बोलला, पण जनीताईंना ते लागलं. रडू आलं, ते त्यांनी भांडी घासताना आवरलं. लोकांचं हसणं त्यांनी सोडून दिलं असतं. आपली वेळ चुकली, हे त्यांना सोसवत नव्हतं. हेही काम गेलं तर पुन्हा साडेदहाचा तो रिकामा हात होताच.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी एक वाजता जनीताईंनी खिडक्या लावल्या आणि अंधाराची सवय करायला लॅपटॉपसकट गोधडीखाली शिरल्या. शिरण्याआधी चष्मा पुसून एकेक बटण डोळ्यांखालून घातलं. तेव्हा खालच्या लांब पट्टीच्या कोपऱ्यात त्यांना एक बारीक चित्र दिसलं. चौकोन आणि त्यातून निघणारे किरण, उगवत्या सूर्यासारखे. त्यांनी पट्टी दाबली. काही झालं नाही. दोनदा दाबली, जोरात दाबली. ढिम्म.

मग दिसलं की चित्राभोवती जशी बारीक चौकट आहे तशीच डाव्या कोपऱ्यातल्या एका बटणालाही आहे. त्यावर लिहिलेलं, एफ एन. आणि जनीताईंना शाळेतलं कपाट आठवलं. परीक्षेचे पेपर ज्यात ठेवत त्या कपाटाला दोन किल्ल्या लागायच्या. एक हेडमास्तरांकडे, एक त्यांच्याकडे. एकट्या किल्लीला ते कपाट कधी दाद देत नसे.

त्यांनी गोधडी डोक्यावरून ओढली, डाव्या हाताने एफ एन दाबून धरलं आणि उजव्याने पट्टी दाबली. सगळी अक्षरं एकदम उजळली.

जनीताई गोधडीच्या आत एकट्याच हसत बसल्या. पुन्हा दोन्ही दाबलं, उजेड वाढला. पुन्हा दाबलं, अंधार. आधी मंद, मग मोठा, मग बंद. कंदिलाची वातच ही, फक्त काजळी धरत नव्हती. पण हरखून जाऊन बघत राहिल्या तर अर्ध्या मिनिटात दिवे आपोआप गेले. एक बटण दाबल्यावर दिवे परत आले खरे, पण दाबलं गेलं डब्ल्यू, त्यामुळे कुकरही वाजला. न वाजता दिवे आणणारं बटण हवं होतं. बाकीची अक्षरं दाबली तर लॅपटॉप टुंग करायचा, म्हणून त्यांनी सगळी बटणं पालथी घातली. मध्ये शेजारची निशा दार वाजवून विचारून गेली, ‘ताई, काय हरभरे शिजवताय का? किती शिट्ट्या!’ चार वाजता सापडलं. शिफ्ट. मुकाट्याने दिवे लावणारं, आवाज न करणारं गुणी बटण.

शनिवारची तालीम बिनचूक झाली. अनुया ‘छान’ म्हणाली, पण शिट्ट्या भरलेला मोबाईल तिने स्पर्धेच्या दिवशीही कमरेला खोचून ठेवलाच. एकदा पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं.

स्पर्धेच्या दिवशी नाट्यगृह भरलं होतं. जनीताईंनी विंगेत टेबलावर लॅपटॉप उघडला, दोन बटणं दाबली, आणि हातून काही राहायला नको म्हणून उजेड मोठाच ठेवला. अनुया लगबगीने आली. ‘ताई, तुमच्या तोंडावर उजेड पडतोय, पहिल्या रांगेतून दिसतंय. बंद करा ते. शिट्ट्यांचं मी बघते.’ तिचा हात कमरेच्या मोबाईलकडे गेला.

‘थांबा,’ जनीताई म्हणाल्या. हेडमास्तरांनाही त्या कधी असं म्हणाल्या नव्हत्या. एकदा दाबलं, दिवे गेले. पुन्हा दाबलं, मंद आले. अक्षरं दिसत होती आणि तोंड अंधारात होतं. अनुयाने पहिल्या रांगेपर्यंत जाऊन पाहिलं आणि मान डोलावून दुसऱ्या विंगेत निघून गेली.

फोन वेळेवर वाजला. रिक्षा वेळेवर आली. मग सासू गेली आणि रंगमंच काळोखात बुडाला. जनीताई मोजू लागल्या. एक. दोन. आणि नेमके लॅपटॉपचे दिवे गेले.

पण करंगळी शिफ्टवर होतीच. तीन. अक्षरं परत आली. चार. बोट डब्ल्यूवर. पाच.

पहिली शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरीनंतर लगेच सनई द्यायची असं ठरलेलं, पण जनीताईंनी हात थांबवला. ‘तीन झाल्या गं’ म्हणायला सासूला जेवढा वेळ लागायचा, तेवढी जागा त्यांनी रिकामी सोडली. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या रिकाम्या जागेत प्रेक्षागृहात एक हुंदका आला, मागून दुसरा, आणि मग त्यांनी सनई दिली.

उत्कृष्ट पार्श्वसंगीताचं पारितोषिक पुकारलं गेलं, सौ. जनी भगवान घरत. अनुयाने त्यांना विंगेतच मिठी मारली. ‘ती जागा तुम्ही सोडलीत ना, ती मला दिग्दर्शनात सुचली नव्हती,’ ती म्हणाली आणि त्यांना रंगमंचाकडे ढकललं. निवेदकाने माईक पुढे धरून विचारलं, काही बोलणार का?

जनीताईंना माईकची गरज नव्हती. पाचव्या रांगेत भगवान ताठ बसला होता, त्याच्याकडे बघून त्या म्हणाल्या, ‘आमचे हे इचारत होते, तू काय दिवे लावनार? लावले. मोठे नाय लावले, मंदच लावले. पन वेळेला लावले.’

सगळं नाट्यगृह हसलं. सगळ्यात आधी उठून टाळ्या वाजवल्या त्या भगवानने, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला तो सांगत सुटला, ‘आमची घरवाली हाय ती. चोवीस वर्सं घंटा दिलीय तिनं, एक मिनिट चुकली नाय.’