साचेखात्यातलं मौन

आमच्या घरात कुणी वैराग्याची भाषा सुरू केली की आमच्या मंडळी, म्हणजे पोरांच्या आई, चुलीपुढून म्हणतात, "वडलांना इचारा की. त्येंनी ईस दिवस केलंय ते काम." मग सगळे माझ्याकडं बघून हसतात. हसू देत. पण ती गोष्ट दर वेळी अर्धीच सांगितली जाते, आणि नेमकं माझं हसं होतं तेवढंच अर्धं. म्हणून आज पुरी लिहून ठेवतो.

सन तीसची मार्शल लॉची धामधूम व्हायच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट. मी सव्वीस वर्षांचा. शुक्रवार पेठेत दोन खोल्या, आणि नोकरी एका कापडगिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे जिथं माग चालतात तिथं. जॉबर म्हणजे बिघडलेला साचा दुरुस्त करणारा माणूस. मी म्हणजे त्या माणसाच्या हातात पाना देणारा माणूस.

खात्यात तीनशेवर साचे एकदम चालत. शेजारच्यानं कानाशी तोंड नेल्याशिवाय शब्द कळत नसे. त्यामुळं आम्ही सगळे हातांनी बोलायचो. कपाळाला दोन बोटं म्हणजे खात्याचा मास्तर आला, मनगट फिरवलं म्हणजे चहा. घरी आलो तरी कान तिथंच राहिलेले असत. मी मीठ मागितलं तरी चौथ्या घरातून कुणीतरी विचारायचं, काय झालं? मंडळी म्हणायच्या, "अवो, मी काय साच्याच्या पल्याड हुबी हाय व्हय?"

तर अशा माणसाला शांती हवी झाली. आपला जन्म कशासाठी तरी झालाय अशी माझी खात्री होती. कशासाठी, ते मात्र देवानं कळवलं नव्हतं. पाना उचलण्यासाठी नक्कीच नसावा. सुट्टीच्या दिवशी मी अक्कलकोटच्या वाटेवरच्या एका लहानशा मठात जाऊन बसू लागलो. तिथं चिंचेची झाडं होती, एक विहीर होती, आणि कानडी वळणाचं मराठी बोलणारे एक वृद्ध स्वामी होते. एकदा मी त्यांचे पाय धरले आणि म्हणालो, "मला इथंच ठेवून घ्या. गिरणीत राहून आत्मज्ञान व्हायचं नाही."

स्वामींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एकवीस दिवस बोलू नको," ते म्हणाले. "काम चालू ठेव. बाविसाव्या दिवशी ये. ठेवून घेतो."

मंडळींना हे सांगितलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही. "जावा. पर तुमी मठात गेला की मी माढ्याला माहेरी जाणार. मागनं न्यायला आला तर दार न्हाय उघडायची." आणि खरोखरच त्यांनी त्या दिवसापासून खुंटीला एक रिकामं गाठोडं अडकवून ठेवलं. रोज त्यात एखादी वस्तू पडे. पहिल्या दिवशी कुंकवाचा करंडा.

मी मौन सुरू केलं. केवढं मोठं व्रत! मनात म्हटलं, उद्या खात्यात गेलो की लोक चमकतील, विचारतील, कुणी कदाचित पायाही पडेल.

नऊ दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही.

कसं येणार? तिथं एरवीही मला बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. दहाव्या दिवशी सगळे साचे फिरवणारा मोठा पट्टा तुटला, सगळं खातं थांबलं, आणि जो तो घडाघडा बोलू लागला. मी एकटा गप्प. तेव्हा आमच्या रांगेतले म्हातारे विणकर, तेलुगू घरातले, सगळे त्यांना मामा म्हणत, जवळ आले. माझी हनुवटी धरून म्हणाले, "दात दुखते काय रे?" आणि कनवटीची लवंग काढून दिली. माझ्या साधनेची खात्यानं घेतलेली दखल ती एवढीच.

घरी मात्र मौनाचा फार उपयोग झाला. चार वर्षांत मंडळींना जे बोलायचं राहून गेलं होतं ते त्यांनी सगळं बोलून घेतलं. मी हात उडवून उत्तर दिलं की म्हणायच्या, "तोंड तेवढं मिटलंय. हात लई बडबडत्यात की!" मग मी हातही मांडीखाली दाबून बसू लागलो.

आणि तेव्हा एक भलतीच गोष्ट झाली. तोंड बंद, हात बंद, तर कान उघडले. बाराव्या-तेराव्या दिवशी खात्यातला तो एकसारखा गदारोळ सुटा सुटा होऊ लागला, जसा गुंता सुटून धागे वेगळे व्हावेत. प्रत्येक साच्याची चाल निराळी. एक लंगडत चालणारा, एक घाईचा, एक दमेकरी. पाठ फिरवून उभा राहिलो तरी कुठला कोण ते कळे. मला वाईट वाटलं. पहाटे नाम घ्यायला बसावं तर आत साचे चालत. मी समजलो, हीच ती माया. तिला हुसकून लावण्यातच माझी पहाट जायची.

मामांचा साचा तेवढा नेटका चाले. पण सतराव्या दिवशी त्यात काहीतरी चुकलं. ठराविक ठोक्यांनी एक ठोका किंचित अडखळायचा, जिन्याची एखादी पायरी झिजलेली असावी तसा. मी डोळे मिटून म्हटलं, माया. आणि पुढं गेलो.

विसाव्या दिवशी मास्तर मामांच्या साच्यापुढं उभे राहिले. धोतराच्या कापडात आडवे पातळ पट्टे येत होते. जॉबरनं साचा थांबवून तपासला आणि मान हलवली. दोष नाही. मास्तरांनी मामांच्या डोळ्यांकडं बोट दाखवलं आणि मग दाराकडं. उद्यापासून साचा दुसऱ्याला. तुटलेला धागा कसा सांधायचा ते मला ज्यांनी शिकवलं होतं, ते मामा आडवा धागा नेणारा धोटा हातात घेऊन नुसते उभे राहिले.

तीन दिवस मला ते ऐकू येत होतं! आणि मी त्याला माया म्हणून हाकललं होतं. एकच दिवस उरला होता. बोललो तर मठ गेला.

मी ओरडलो. "साहेब, डोळे नव्हे, साचा!"

वीस दिवसांचं व्रत मोडलं, आणि ते ऐकलं कुणीच नाही. मास्तर चालू लागले होते. मी धावत जाऊन त्यांची बाही ओढली आणि कानात पुन्हा ओरडलो. ते कान चोळत मला बाहेरच्या पडवीत घेऊन गेले. "कशावरून?"

"ठोका चुकतोय. आणि साहेब, पट्टे वितीवितीवर आहेत. डोळे चुकले तर कुठंही चुकतील. असं मोजून कसे चुकतील?"

"तीनशे साच्यांत तुला एक ठोका ऐकू येतो?" ते हसले. जॉबरही हसला. मग मास्तरांनी मला आत नेऊन भिंतीकडं तोंड करून उभं केलं. जॉबरनं आमच्या रांगेतला मनाला येईल तो साचा थांबवायचा, मास्तरांनी खांद्यावर थाप दिली की मी बोटांनी त्याचा क्रमांक दाखवायचा.

मी डोळे मिटले. चार. सात. दोन. पुन्हा सात. एकदा मी मूठ दाखवली, म्हणजे एकही थांबलेला नाही. जॉबरनं नुसतं फसवायला पाहिलं होतं. वळून बघितलं तर आजूबाजूचे विणकर धोटे वर धरून नाचवत होते. आवाज कुणाचाच ऐकू येत नव्हता, आणि तेवढा जयजयकार मी पुन्हा कधी ऐकला नाही.

मामांचा साचा खोलला. कापड गुंडाळणाऱ्या चाकाचा एक दात झिजला होता, तेलकट काजळीखाली लपलेला. चाक बदललं. मामांनी दुसऱ्या दिवशी स्वच्छ कापड काढलं, मास्तरांपुढं उजेडात धरलं, आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "तू बोलते, म्हणजे दात बरा झाला."

बाविसाव्या दिवशी मी मठात जाऊन अपराध कबूल केला. स्वामींनी सगळं ऐकून घेतलं. "भिंतीकडं तोंड करून उभा होतास, तेव्हा मनात काय चाललं होतं?"

मी आठवून पाहिलं. "काहीच नाही."

"इथं चिंचेखाली बसतोस तेव्हा?"

"तेव्हा... गिरणी."

स्वामी विहिरीवरचा कावळा उडून जाईल इतक्या जोरात हसले. "मग इथं कशाला जागा अडवतोस? होगप्पा, जा! तुझा मठ तिकडं आहे. लई मोठा हाय. माझ्याकडं तीनशे कोण गातात?"

मी शहरात परतलो ते जवळजवळ पळतच. पुढं दोन वर्षांत त्याच रांगेचा जॉबर झालो, आणि पाना द्यायला मलाच एक माणूस मिळाला. पण ते पुढचं. त्या दिवशी शुक्रवार पेठेच्या गल्लीत शिरलो, दारापाशी आलो. गाठोडं भरून उंबऱ्याशी ठेवलेलं होतं. आतल्या खोलीत मंडळी पाठमोऱ्या बसून चूल फुंकत होत्या. माझी चाहूल लागली तशा स्वतःशीच, ओठांतल्या ओठांत पुटपुटल्या, "आलं वाटतं येडं माघारी."

मी बाहेरूनच, अगदी हळू आवाजात म्हणालो, "ऐकलं हं."

फुंकणी त्यांच्या हातातून खाली पडली. मग त्या उठल्या, बाहेर आल्या, आणि गाठोड्यातून कुंकवाचा करंडा काढून परत फळीवर ठेवला.