आईच्या पायातली चप्पल

मॅडमनी लाल पेन्सिल घेतली आणि माझ्या आईच्या पायातली चप्पल खोडली. मग चष्मा. मग मनगटावरचं घड्याळ.

अंधेरीतलं ऑफिस. काचेच्या भिंती, हाडं गारठवणारा एसी. मुलांची पुस्तकं काढायचे ते लोक. चित्रकार म्हणून माझं पहिलंच पुस्तक. विषय काय, तर 'आपल्यासाठी राबणारी माणसं'. आपल्यासाठी म्हणजे नक्की कुणासाठी, हे विचारायची तेव्हा हिंमत नव्हती.

त्यात जिने पुसणारी एक मावशी हवी होती. माझी आई मुलुंडच्या एका टॉवरचे जिने पुसायची. मी तिलाच रेखाटलं. रोज सकाळी घाटकोपरचा डोंगर उतरायची, अगदी तशी. इस्त्रीची साडी, पिन लावलेला पदर, खांद्याला पर्स, पायात पट्ट्याची चप्पल. कामाची जुनी साडी पिशवीत. ती टॉवरवर पोचल्यावर नेसायची. आमच्या डोंगरावरच्या वस्तीतल्या सगळ्या बायका असंच करतात. आई म्हणायची, काम त्यांचं, रस्ता आपला.

मॅडमना ते पटेना. "ही तर बँकेत निघाल्यासारखी दिसते," त्या म्हणाल्या. "मुलांना दया यायला पाहिजे ना गं. जरा रिअल कर."

रिअल. स्वतःच्या बिल्डिंगचा जिना पुसणाऱ्या बाईचं नाव जिला सांगता आलं नसतं, ती मला माझी आई शिकवत होती. मी सांगितलं, ही माझी आई आहे. वाटलं, वरमेल. कसली वरमते. उलट डोळे चमकले बाईचे.

"अगं, मग तर तुला आतलं सगळं माहितीये. तरी असं खोटं का दाखवतेस?"

टेबलाभोवतीच्या शहाण्यांनी माना डोलावल्या. मी कागद गुंडाळला आणि घरी आले.

घरी तो पुन्हा पसरला. आई चहा घेऊन मागे उभी राहिली, लाल रेघा बघत. मी सगळं सांगितलं. चष्म्याला, घड्याळाला ती हसली. चपलेपाशी मात्र थांबली.

"माझी आई चपला हातात घेऊन पाटलाच्या दारावरून जायची," ती म्हणाली. "मी मुंबईत आले ती चपला पायात घालून चालायला. तुझी मॅडम पण पाटीलच का गं?"

एवढंच. हे कर, ते करू नको, असं काही म्हणाली नाही. चहा ठेवला आणि भाकऱ्या थापायला गेली. मी त्या खोडलेल्या चपलेकडे बघत बसले. आजीला निदान माहीत होतं की आपला अपमान होतोय. इथे तो एसीत बसवून, गं म्हणून, कॉफी पाजून करत होते. आणि मी थँक्यू म्हणून आले होते. अंगाची लाही लाही झाली.

दुसऱ्या दिवशी गेले. चित्र तेच. लाल रेघा पुसलेल्या, चप्पल काळ्या शाईने पक्की केलेली. मॅडमनी सुस्कारा सोडला. एका चपलेसाठी एवढा इगो बरा नाही, नवीन आहेस, वगैरे वगैरे.

"तुमच्या सँडल दाराबाहेर ठेवून या," मी म्हटलं. "मग मी हिची चप्पल पुसते."

मॅडमनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मी चित्रं उचलली आणि निघाले. पुस्तक दुसऱ्या कुणीतरी केलं. त्यातली मावशी अनवाणी आहे, पदराला ठिगळ आहे, वर गोड हसते आहे. बक्षीसही मिळालं म्हणे त्याला. अशांनाच मिळतं.

आता माझं नाव झालंय. परवा त्याच मॅडमचा फोन आला. पवईला कार्यक्रम आहे, जुनी चित्रं दाखव, तुझं तंत्र समजावून सांग. आणि हो, तुझा स्ट्रगल सांग, लोकांना फार आवडतो. माझी ती जुनी भेट विसरून गेल्या होत्या. अपमान करणाऱ्याला कुठलं काय आठवतंय.

जाणार आहे मी. आईला घेऊन. स्ट्रगल सांगणार नाही, तंत्र सांगणार आहे. हल्ली चित्रं स्क्रीनवर होतात. एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तसे लेयर असतात. साडी एका लेयरवर, चष्मा दुसऱ्या, चप्पल तिसऱ्या. छापणाऱ्या साहेबांना जे नको, ते एक बोट दाबलं की गायब. सगळे असंच करतात. सोयीचं असतं, साहेबांच्या.

मी तसं करत नाही. मी माणूस पायापासून सुरू करते, आणि पाय व चप्पल एकाच लेयरवर रंगवते. चप्पल उडवायला गेलात तर पायही उडेल.

मॅडम पहिल्या रांगेत असतील. त्यांच्याकडे बघूनच सांगीन. पाय नसलेली बाई छापायची तयारी असेल, तर खुशाल पुसा.