घागरींचं वाक्य

आमचा उदगीर तालुका नव्या लातूर जिल्ह्यात गेला, पण पाऊस काही नव्या जिल्ह्यात आला नाही. शाळेच्या पाटीवरचं जिल्ह्याचं नाव रंगाऱ्यानं बदललं, विहीर कोरडीच राहिली. टँकर शाळेच्या आवारात यायचा, म्हणून बायका सकाळीच तिथं घागरी रांगेत मांडून कामावर जायच्या. घागर म्हणजे ती बाईच उभी आहे, असा गावचा कायदा. दुसऱ्याची तर सोडाच, आपली घागरसुद्धा जागची हलवायची नाही.

मी तेव्हा सदा भ्यालेलीच असायची. इंग्रजीचा तास आला की मी मागच्या रांगेत सरकायची. ‘मी पाणी पिते’ एवढंसं वाक्य, पण इंग्रजीत कुठला शब्द कुठं बसवायचा ते कळायचं नाही. त्याहून मोठी भीती वडिलांची. बीदरकडचं एक स्थळ सांगून आलं होतं आणि आईच्या हट्टापायी वडील थांबले होते. “शाळेतून एक कागाळी जरी आली, तर दप्तर खुंटीला,” असं त्यांनी बजावलं होतं. आणि ते बोलले की करायचेच.

इंग्रजीचे सर हदगावकडचे, तरुण, नवेच आलेले. त्यांची जात गावानं ते एसटीतून उतरले त्याच दिवशी विचारून घेतली होती. लोक त्यांना नमस्कार करायचे, पण घोटभर पाण्याला कुणी विचारायचं नाही.

एकदा मी फळ्यापाशी रडकुंडीला आले, तेव्हा सर म्हणाले, “चला समदे बाहेर.” रांगेतल्या शेवटच्या तीन घागरींवर त्यांनी माझ्याकडून खडूनं लिहून घेतलं : आय, वॉटर, ड्रिंक. स्वतः दोन हात लांब उभे राहिले.

“हे आपल्या मराठीच्या चालीवर झालं. आपल्यात क्रियापद शेवटी येतं. इंग्रजीत कर्त्याच्या लगेच मागं त्याचा नंबर. उचल ती शेवटची घागर आन् ठिव मधी.”

शेवटची घागर आमचीच होती. पण सरांना नाही कसं म्हणायचं? मी ती उचलून मध्ये ठेवली. आय ड्रिंक वॉटर! आणि एकदम उजेड पडला. मी भाकर खाते, मी शाळा बघते, एकेक वाक्य डोक्यात आपसूक जागेवर बसायला लागलं. इतका आनंद मला इंग्रजीनं कधी दिला नव्हता. तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला, बायका धावत आल्या, सरांनी आम्हाला वर्गात पिटाळलं. घागर मध्येच राहिली.

पाणी नेमकं आमच्या घागरीवर संपलं. मागची घागर कोरडी, आणि ती शेजारच्या काकूंची. त्यांचा आवाज वर्गापर्यंत आला, तसे आम्ही बाहेर आलो.

“मागची घागर म्होरं कशी आली? पाय फुटले का तिला? ह्यांच्या पोरीनंच सरकिवली असंल. तिच्या बापालाच सांगते आता!”

दप्तर खुंटीला लागलंच म्हणून मी डोळे मिटले.

“पोरीला बोलू नका,” सर पुढं येत म्हणाले. “शिकवताना म्या हलवली घागर.”

काकू आमच्या घागरीपाशी उभ्या असलेल्या आईकडं वळल्या. “सरांनी हात लावला व्हय? मग आता पितीस का ते पाणी?”

सगळ्या बायका आईकडं बघत होत्या. मी तिला बिलगून हळूच म्हणाले, “आई, सरांनी हात न्हाई लावला.”

“ठावं हाय मला. गप ऱ्हा, शाळा शिकायची हाय ना?” आई ओठ न हलवता म्हणाली. आणि तिनं भरली घागर जमिनीवर पालथी केली. पाणी सरांच्या चपलांपर्यंत गेलं. सर मागं सरकले नाहीत.

वडिलांकडं कागाळी गेली नाही. त्या रात्री आम्ही दुसऱ्या आळीतून मागून आणलेल्या तांब्याभर पाण्यावर भागवलं.

दुसऱ्या दिवशी इंग्रजीच्या तासाला सरांनी मला उभं केलं आणि एक वाक्य करायला सांगितलं, नेहमीच्याच आवाजात. वाक्य मला येत होतं. पण काल सगळ्यांसमोर मिटलेलं तोंड आज त्यांच्यासमोर उघडायची भीती वाटत होती.