धुतलेली द्राक्षं

सांता क्लारात आमच्या शेजारी एक फ्रेंच काका राहतात, ऐंशीच्या पुढचे. त्यांच्या परसात त्यांनी तरुणपणी लावलेल्या द्राक्षवेली आहेत. त्यांवर औषधाचा एक थेंबही ते पडू देत नाहीत. घरची द्राक्षं पुरत नाहीत म्हणून थोडी एका सेंद्रिय बागेतून विकत आणायची आणि आपल्या गावच्या पद्धतीने वाइन करायची, हा त्यांचा दरवर्षीचा नेम. गेल्या वर्षी त्यांची कंबर धरली. "यंदा जमलं नाही तर वेली काढून टाकतो," असं ते म्हणाले. मला ते ऐकवेना. सवयीप्रमाणे मी पुढे होऊन म्हटलं, मी करते सगळं.

मी नाशिकची. फवारणीच्या भीतीने आमच्याकडे मिठाच्या पाण्यात बुडवल्याशिवाय द्राक्ष कुणी तोंडात टाकत नाही. शनिवारी काका उठायच्या आत मी सगळे घड तोडले, मिठाच्या पाण्यात घातले, तीनदा खळखळून धुतले आणि वर कौतुकाने त्यांना दाखवायला गेले.

काका मटकन खुर्चीत बसले. रस आंबवणारं सगळं त्या सालीवरच असतं, बाहेरून काही घालायचं नसतं, हे त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

घरी नवरा म्हणाला, "अगं, यीस्टचं पॅकेट ऑर्डर करू का? उद्या डिलिव्हर होईल."

"तू गप्प बस," मी म्हटलं. चूक माझी आणि बोलणी त्याला, हे आमच्याकडे ठरलेलंच आहे.

दुपारी विकतच्या द्राक्षांच्या पेट्या आल्या. त्यातली एक पेटी, न धुता, काकांनी वेगळ्या बादलीत कुस्करायला लावली. ती आंबली की बाकीच्या रसात ओतायची. म्हणजे विरजणच की! मी त्यांना दही कसं लावतात ते सांगितलं, तेव्हा ते त्या दिवसात पहिल्यांदा हसले.

चौथ्या दिवशी बादली फसफसली. ती बाकीच्या रसाच्या पिंपात ओतली, आणि पुढचे दोन दिवस पिंप ढिम्म. काका नुसते वेलींकडे बघत बसायचे. तिसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना मी झाकण उघडलं, तर सालं वर आलेली आणि आतून बारीक चुरचुर ऐकू येत होती. मी धावत जाऊन काकांचं दार ठोठावलं.

ते काठी टेकत आले आणि बराच वेळ ऐकत उभे राहिले. मग म्हणाले, "जानेवारीत छाटणी. मी खुर्चीत बसून सांगेन, तू काप. नीट यायला तीन-चार वर्षं लागतील तुला."

चालेल, म्हटलं. ऑफिसला उशीर झाला तो झालाच.